असेसमेंटला जाताना कुठला प्रश्न घेऊन जाल?

पत्राचा सारांश: एका नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबांचं हे पत्र आहे. मुलगा बोलायला चुणचुणीत, गोष्टी तासन्‌तास ऐकणारा, बिघडलेली खेळणी उघडून पुन्हा जोडणारा. पुस्तक समोर आलं की मात्र त्याच्या पोटात दुखायला लागतं. वाचताना ओळच्या ओळ गाळतो आणि स्वतः लिहिलेलं त्याचं त्यालाच लागत नाही. शाळेने सायको-एज्युकेशनल असेसमेंट, म्हणजे मानसशैक्षणिक मूल्यमापन, करून घ्यायला सुचवलं. आई लगेच तयार झाली. बाबांना धास्ती आहे ती शिक्क्याची: ‘एकदा बसला की पुसला जात नाही.’ तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. बाबांनी इंटरनेटवरून बुद्धिमापन चाचणीचे नमुने शोधून काढलेत आणि ‘कोडी’ म्हणून रोज संध्याकाळी ते मुलाकडून सोडवून घेतायत. मुलाला खरं कारण कुणी सांगितलेलं नाही. पत्राच्या शेवटी ते लिहितात: ‘तो मठ्ठ आहे की आळशी, एवढंच मला कळून घ्यायचंय. खरं सांगायचं तर मीही लहानपणी असाच होतो. अजूनही लांबलचक मजकूर वाचायची वेळ आली की घाम फुटतो. बायकोला हे माहीत नाही. पण मला जमलंच ना शेवटी?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळींपाशी थांबले. त्यांच्याकडे येतेच. त्याआधी एक तातडीचं काम: ती संध्याकाळची कोडी आजपासून बंद करा.

या चाचण्या मुलाला अनोळखी असतात, म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. पुष्कळ मुलांना त्या आधी देऊन कुठल्या वयाचं मूल साधारण कितपत मजल मारतं याचे तक्ते केलेले असतात, आणि त्या मुलांनी ती कामं पहिल्यांदाच पाहिलेली असतात. तुमचा मुलगा तीन आठवडे घोकून गेला तर आकडा थोडा वर सरकेल, पण तो आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगणार नाही. उलट तो जिथे खरोखर अडतो, ती जागाच झाकली जाईल. डॉक्टरकडे ताप दाखवायला न्यायचं आणि निघताना ताप उतरवायची गोळी द्यायची, तसं झालं हे. एकच चाचणी त्याच मुलाला वर्षभराच्या आत पुन्हा देणं मानसशास्त्रज्ञ शक्यतो टाळतात, तेही याच कारणाने. आजवर झालं ते झालं. कुठले नमुने सोडवून घेतलेत ते पहिल्या भेटीत सांगून टाका. कुणी रागावणार नाही. पालकांचा हा उद्योग त्या मंडळींना नवा नाही. गरज पडली तर ते दुसरी चाचणी निवडतील.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘मठ्ठ की आळशी’ या प्रश्नाचं उत्तर कुठलीही असेसमेंट देत नाही. मला तर वाटतं, तुम्ही घेऊन निघालेल्या सामानात तेवढी एकच वस्तू घरी ठेवून जायची आहे. तुम्ही दोनच दारं उघडी ठेवलीयत आणि दोन्हींच्या पलीकडे काही करण्यासारखं नाही: मठ्ठ असेल तर नशीब म्हणायचं, आळशी असेल तर ओरडायचं. तिसरं दार शंभर वर्षांहून जास्त काळ उघडं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा हुशार, बोलण्यात तरबेज, गणितही बरं. पण साधे शब्द वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चमकदार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. तुमच्या पत्रातलं वर्णन वाचताना मला तोच मुलगा आठवला. निदान मी करत नाहीये, पत्रावरून ते करता येतही नाही. सांगायचं इतकंच की हुशारी आणि वाचन एकमेकांचा हात सोडून चालू शकतात.

आणि बुद्धिमापन चाचणी ज्याच्यापासून सुरू झाली त्या आल्फ्रेड बिनेचंही ऐका. १९०५ साली पॅरिसमध्ये त्याने सिमोन या सहकाऱ्याबरोबर पहिली मोजपट्टी तयार केली ती कुणाला शिकताना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांवर तो चिडायचा. पुढे त्याच्या मोजपट्टीचं लोकांनी काय केलं हा वेगळा विषय, आणि तुमची शिक्क्याची भीती तिथूनच आलेली आहे. ती भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही.

तर प्रत्यक्षात काय होईल?

पहिली भेट बहुधा तुमची आणि तुमच्या पत्नीची असेल, मुलाची नाही. गरोदरपण कसं गेलं, बाळ कधी बोलायला लागलं, कानाची दुखणी झाली का, घरात कुठल्या भाषा बोलतात, अक्षरओळख कशी झाली, घरात आणखी कुणाला अशी अडचण होती का, असं बरंच विचारतील. जाडजूड फॉर्म असतील. लक्ष, चंचलपणा, मनःस्थिती यांच्याबद्दलच्या प्रश्नावल्या तुम्हाला आणि शाळेतल्या शिक्षकांना वेगवेगळ्या भरायला देतील. घरी एक आणि शाळेत दुसरंच चित्र दिसत असेल तर तेही त्यांना हवं असतं. लक्ष न लागण्याची अडचण खरी आहे असं म्हणायला ती किमान दोन ठिकाणी दिसावी लागते. जाताना जुन्या वह्या न्या. सुंदर अक्षरातली निवडक पानं नकोत. खाडाखोड केलेली, अर्धवट सोडलेली, शाईने बरबटलेली न्या. आणि अजून केली नसेल तर त्याआधी डोळ्यांची आणि कानांची तपासणी उरकून घ्या. ओळी गाळणाऱ्या मुलाला नुसता चश्मा लागलेला असणं अशक्य नाही, आणि तसं निघालं तर सगळ्यांचेच कष्ट वाचले.

मुलाचा दिवस, बहुतेक वेळा दोन-तीन दिवस, यानंतर येतो. सगळं मिळून काही तास लागतात आणि मूल दमतं म्हणून ते तुकड्यांत विभागतात. शांत खोली, टेबल, समोर एक माणूस. तुम्ही बाहेर. पालक खोलीत असले की मूल उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर शोधतं, म्हणून ही सोय. मी बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे. एका मुलीने मला मध्येच विचारलं होतं, ‘तुम्हाला पण उत्तरं येत नाहीत का? बरोबर की चूक ते सांगतच नाही तुम्ही!’ खरं होतं तिचं. उत्तर बरोबर की चूक हे सांगायची आम्हाला मुभा नसते. ‘छान प्रयत्न करतेयस’ एवढंच म्हणता येतं. मुलांना हे फार विचित्र वाटतं, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणखी एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. बऱ्याच चाचण्यांमध्ये प्रश्न कठीण कठीण होत जातात आणि ओळीने काही उत्तरं चुकली की तो भाग थांबतो. म्हणजे प्रत्येक मूल, कितीही हुशार असो, येत नाही अशा जागेपर्यंत पोचतंच. रचनाच तशी आहे. हे माहीत नसलेलं मूल प्रत्येक भागाच्या शेवटी हरल्यासारखं उठतं.

कामं कसली असतात? एक गट विचार करण्याच्या पद्धतीचा. तुम्ही बहुधा ज्याचे नमुने गोळा केलेत ती वेक्सलरची मुलांसाठीची चाचणी १९४९ पासून चालत आलेली आहे. तिची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती पाच गोष्टी वेगवेगळ्या बघते: शब्दांतून विचार करणं, आकृत्या आणि जागा यांचं भान, नव्या कोड्यातला नियम हुडकणं, ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं म्हणजे वर्किंग मेमरी, आणि सोपं काम किती भरभर उरकतं ते. दुसरा गट शाळेतल्या कौशल्यांचा: सुटे शब्द वाचणं, उतारा वाचून समजणं, शुद्धलेखन, स्वतःच्या मनाने लिहिणं, गणित.

तुमच्या मुलाच्या बाबतीत माझं सगळं लक्ष राहील ते तिसऱ्या गटाकडे, वाचनाच्या पोटातल्या बारीक कामांकडे. ‘सकाळ’ या शब्दातला ‘स’ काढला तर काय उरतं, हे नुसतं ऐकून सांगता येतं का? ओळखीची अक्षरं, रंग, चित्रं रांगेने पटापट म्हणता येतात का, की प्रत्येक नाव आठवायला ढकलावं लागतं? आणि अर्थच नसलेले, बनवलेले शब्द वाचता येतात का? हा शेवटचा प्रकार पालकांना हास्यास्पद वाटतो. ‘खरे शब्द वाचता येत नाहीत आणि तुम्ही खोटे कसले वाचायला देताय?’ असं मला एका आईने रागाने विचारलं होतं. पण चुणचुणीत मुलं फसवण्यात पटाईत असतात. चित्र बघून, पहिल्या अक्षरावरून, गोष्टीच्या ओघावरून पुढचा शब्द ती बेमालूम ठोकून देतात. बनवलेल्या शब्दात अंदाजाला आधार नसतो; तिथे अक्षर आणि आवाज यांची जोडणी उघडी पडते. तुमचा मुलगा ओळी गाळतो म्हणता. तो नेमकं काय गाळतो, कुठे अंदाज मारतो आणि कुठे थबकतो, हे इतक्या बारकाईने घरी कुणालाच दिसणार नाही.

म्हणून प्रश्न हा घेऊन जा: वाचताना आणि लिहिताना तो कुठल्या पायरीवर अडतो, आणि त्या पायरीसाठी काय करता येईल? कागदावर लिहा आणि पहिल्याच भेटीत त्यांच्यापुढे ठेवा. प्रश्न मोघम असला की रिपोर्टही मोघम येतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

भाषेबद्दलही विचारा. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल तर चाचणी कुठल्या भाषेत होणार, तिचे तक्ते कुठल्या मुलांवर बेतलेले आहेत, आणि हा फरक निष्कर्ष काढताना ते कसा जमेस धरणार? चांगला मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाने खूश होतो. जो वैतागेल त्याच्याविषयी जरा सावध राहा.

आता आकड्यांविषयी, कारण रिपोर्ट हातात पडला की तुम्ही आधी तेच शोधणार. या चाचण्यांमध्ये १०० ही त्या वयाची सरासरी. साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. सोबत पर्सेंटाइल दिलेला असेल, आणि इथे पालकांची हमखास गल्लत होते. १६ वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी सोळा गुण नव्हेत. त्या वयाच्या शंभर मुलांना ओळीने उभं केलं तर साधारण सोळा जण त्याच्या मागे असतील, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कुठलाही आकडा टोकदार नसतो, त्याच्याभोवती वर-खाली काही अंकांचा पट्टा छापलेला असतो. तो पट्टा वाचा.

आणि एकूण आयक्यूवर डोळे लावून बसू नका. समजा, शब्दांतून विचार करण्यात एखाद्याला १२१ मिळाले, म्हणजे ९२ व्या पर्सेंटाइलच्या आसपास, आणि कामाच्या वेगात ८२, म्हणजे १२ व्या. दोन्ही एकत्र करून येणारा आकडा दिसायला मध्यम, पण त्यात तो मुलगा कुठेच नसतो. डोकं झपाट्याने चालतं आणि हात मागे राहतो, या ओढाताणीतच त्याचा सगळा दिवस जातो, आणि सरासरी नेमकं तेच पुसून टाकते. फरक इतका मोठा असला तर चांगला मानसशास्त्रज्ञ रिपोर्टमध्ये तसं सांगतो.

शिक्क्याचं काय? तुमच्या मुलावर शिक्का आताच आहे. ‘मठ्ठ की आळशी’ ही निवड तुमच्या मनात आलेली आहे, म्हणजे नऊ वर्षांच्या त्या पोराने ती केव्हाच ऐकली असणार: वर्गात, नाहीतर तुमच्या आवाजातून. त्यामानाने निदानाचा शब्द बराच नेमका असतो. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकतानाच येणारी ठरावीक अडचण, असं कुणी हलक्या हाताने लिहीत नाही. मानसविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या पुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीनुसार नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली असावी लागते, आणि नजर, श्रवण, भाषेची अनोळख किंवा शिकवण्यातली हेळसांड ही कारणं बाजूला काढावी लागतात. कदाचित निदान बसणारही नाही. तेव्हा ‘पैसे फुकट गेले’ असं म्हणू नका. कुठे बळ आहे आणि कुठे लंगडं आहे हा नकाशा तरीही हातात असतो.

रिपोर्ट कुणाकुणाला द्यायचा हे मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या. नियम ठिकाणापरत्वे बदलतात, पण पुष्कळदा कौटुंबिक तपशील वगळून निष्कर्ष आणि शिफारशी तेवढ्या शाळेला देता येतात. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती, लेखनिक किंवा टंकलेखनाची मुभा यांच्यासाठी कुठला कागद लागतो तेही शाळेकडून आधीच कळून घ्या. पुष्कळ पालक रिपोर्ट कपाटात कुलूपबंद करतात आणि मग शाळेत काही बदललं नाही म्हणून खंतावतात.

थांबून बघू का, असा प्रश्न तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण पत्रभर तो डोकावतो. मूल सहा वर्षांचं असतं, शिकवणं मध्येमध्ये तुटलेलं असतं, तर मी म्हटलं असतं, चार महिने नेमकी मदत द्या आणि मग ठरवा. नऊ वर्षांचा मुलगा पुस्तक बघून पोट धरत असेल तर थांबण्याच्या बाजूने मला काही सापडत नाही. आणि मदत सुरू करायला रिपोर्टची वाट बघायचीही गरज नाही. कोड्यांची ती अर्धा तासाची वेळ आता रिकामी झाली आहे, त्यात त्याला वाचून दाखवा. तुम्हाला ते जड जात असेल तर ध्वनिपुस्तक लावा आणि दोघं मिळून ऐका.

त्याला सांगायचं काय? ‘खेळ खेळायला जायचंय’ ही थाप दहाव्या मिनिटाला उघडी पडते, आणि ‘टेस्ट’ म्हटलं की पोटदुखी. माझे शब्द साधारण असे असतात: ‘तुझं डोकं काही कामं झटकन करतं आणि वाचायला मात्र तुला फार कष्ट पडतात. ते का, हे शोधून काढणारी एक व्यक्ती आहे. ती तुला वेगवेगळी कामं देईल. काही सोपी असतील, काही मोठ्या मुलांनाही येणार नाहीत अशी. नाही आलं तर ‘नाही येत’ म्हणायचं. इथे पास-नापास नसतं आणि शाळेत गुण जात नाहीत.’ दोन-तीन दिवस आधी सांगा, महिनाभर आधी नको. आदल्या रात्री झोप पुरी होऊ द्या. चश्मा विसरू नका. रोजचं काही औषध असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे आधीच विचारून घ्या. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला, यात कमीपणा नाही. आणि बाहेर आल्यावर ‘काय काय विचारलं? काय उत्तर दिलंस?’ ही उलटतपासणी नको. ‘दमलास का?’ पुरे.

काही आठवड्यांनी रिपोर्टवर बोलायला बोलावतील. दोघंही जा. एकटीने ऐकून घरी येऊन दुसऱ्याला समजावून सांगायचं म्हणजे पत्नीवर दुहेरी ओझं, आणि तुमच्या शंका तिच्या अंगावर. न कळलेला शब्द तिथेच थांबवून विचारा. शिफारशी वीस असतील तर पहिल्या तीन कुठल्या, त्या कोण करणार आणि उपयोग होतोय हे किती दिवसांनी बघायचं, एवढं ठरल्याशिवाय उठू नका. मुलालाही त्याच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं. ते कोण आणि कधी सांगणार हेही तिथेच ठरवा.

आता त्या शेवटच्या ओळी. ‘मला जमलंच ना.’ जमलं, आणि ते कष्टाने जमवलंत. पण घाम अजून फुटतो, आणि इतक्या वर्षांत घरातल्या माणसालाही सांगता आलेलं नाही, हेही त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय. तुमच्या मुलाला जमणार नाही असं कुणीच म्हणत नाहीये. त्याला ते इतक्या एकट्याने जमवावं लागावं का, असं मी तुम्हाला विचारते आहे.

वाचनाची अडचण घराण्यात चालत येते. आई किंवा वडिलांना असेल तर मुलात ती दिसण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून तुमचं बालपण ही मानसशास्त्रज्ञाच्या लेखी फार मोलाची माहिती आहे, एखाद्या चाचणीइतकी. फॉर्ममध्ये ‘कुटुंबात आणखी कुणाला वाचनाची किंवा लेखनाची अडचण होती का?’ असा एक रकाना असेल. तो तुम्ही भरा. मात्र फॉर्म सहीसाठी पत्नीच्या हातात जाण्याआधी एका संध्याकाळी तिला सांगा. तिला हे पहिल्यांदा त्या रकान्यात वाचायला लागू नये.